नावेच्या तळाचं दार

ईरा आणि निहार,

गेल्या रविवारी तुमच्या बाबांनी फोनवर पुन्हा विचारलं, "आई, नावेला यंदा तरी बाहेरून फायबरचा थर देऊन टाकायचा का? एकदा केलं की दरवर्षीची डागडुजी संपेल." मी म्हटलं, विचार करून सांगते. खरं तर विचार करण्यासारखं काही उरलेलं नाही, उत्तर तयार आहे. पण ते एका वाक्यात दिलं तर त्याला वाटेल, आई आता म्हातारी झाली. म्हणून आधी तुम्हाला सांगते. तुम्ही दोघं त्या नावेत एकदा बसला आहात. ईराचे नवे बूट भिजले होते आणि निहारने विचारलं होतं, "आजी, आपल्या बोटीत पाणी का येतं?" मी तेव्हा "लाकूड जुनं आहे" एवढंच म्हणाले. ते खोटं नव्हतं, पण अपुरं होतं.

सध्या वैशाख चालू आहे. आमच्या कॉलनीत नळाला पाणी कधी येणार याचा कुणाला पत्ता नसतो. गल्लीत टँकर शिरला की बादल्यांचा आवाज आधी येतो आणि माणसं मागून येतात. अशा दिवसांत, गेल्या आठवड्यात, माझ्या स्वयंपाकघरात गॅसच्या मंद आचेवर पातेल्यात मेण वितळत होतं. शेजारच्या बाईंना वास गेला की त्या दरवर्षी विचारतात, "कुठल्या देवाचं काही आहे का हो?" मी म्हणते, नावेचं आहे. मग त्या हसतात. मी औरंगपुऱ्यात मेण आणि राळ घ्यायला जाते तेव्हा दुकानदारही हसतो. यंदा म्हणाला, "बाई, इथं अंघोळीला पाणी नाही आणि तुम्ही नाव घोटताय!" मी इंग्रजी शिकवण्यात आयुष्य घालवलं. वस्तू जागच्या जागी, कामं वेळच्या वेळी, डाळींच्या डब्यांवर नावं, असं माझं घर आहे हे तुम्हाला माहीत आहे. त्या घरात या एका कामाचं काही स्पष्टीकरण देता येत नाही, म्हणून मीही हसते.

शहरापासून पैठणच्या बाजूला गेलं की नाथसागर धरणाचं पाणी लागतं. उन्हाळ्यात ते मागे मागे सरकतं. काठाचा गाळ आधी चकाकतो, मग काळवंडतो, मग तडकून त्याच्या खपल्या होतात. फार ओढ पडली तर दूरवर एखाद्या विहिरीचा काठ वर येतो, एखादा पार दिसतो. म्हातारी माणसं डोळ्यांवर हात धरून बघत राहतात आणि एकमेकांना सांगतात, "ते बघ, आपल्या गल्लीचं तोंड." मला त्यातलं काही ओळखू येत नाही. तुमच्या पणजीचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, गोदाकाठचं घर मी पाहिलेलंच नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा धरण भरलं होतं आणि घराच्या जागी पाणी होतं. त्या घरातलं मी फक्त दार पाहिलं आहे.

गाव उठायचं ठरलं तेव्हा लोकांनी जे निघेल ते काढून नेलं. कुणी तुळया नेल्या, कुणी जोत्याचे दगड. सासूबाईंनी दार नेलं. सागवानाचं, दोन फळ्यांचं, पितळी फुलांचं. पण नव्या गावठाणात जे घर मिळालं त्याची चौकट बुटकी निघाली. दार बसेना. कापायला त्यांनी नकार दिला. मग ते दार किती तरी दिवस अंगणात भिंतीला टेकून उभं होतं. कोंबड्या त्याच्या आडोशाला बसायच्या. घराशिवाय दार. शेवटी सासूबाईंनीच काठावरच्या सुताराला बोलावलं आणि सांगितलं, याची नाव कर. दोन्ही फळ्या जोडून तळाला बसवल्या, बाजूंना दुसरं लाकूड लावलं. पितळी फुलं उपटली. कडीची दोन भोकं मात्र राहिली. सुतार म्हणाला, फुलांच्या खळग्यांची बाजू आत घेऊ, पाण्याला गुळगुळीत बाजू बरी. सासूबाई म्हणाल्या, "न्हाय. भायेरची बाजू भायेरच."

तेव्हापासून असं आहे, की त्या नावेत बसलं की आपण घरात असतो आणि दाराच्या बाहेर पाणी असतं.

नाव पाण्यात गेली आणि जरा वारा सुटला, की लाटा तळावर आपटतात आणि ती रुंद फळी वाजते. ठक ठक. थांबून पुन्हा ठक. तुमचे आजोबा शाळेत विज्ञान शिकवत. त्यांनी मला पहिल्याच फेरीत समजावून सांगितलं होतं, की बाजूच्या फळ्या अरुंद आहेत, घट्ट ठासलेल्या आहेत, ही रुंद आहे आणि थोडी हलते, म्हणून ढोलासारखी वाजते. मला ते पटलं. सासूबाईंनाही पटलं असावं, कारण त्यांनी कधी वाद घातला नाही. पण फळी वाजली की त्या डोक्यावरचा पदर सारखा करत आणि हळूच म्हणत, "आले हो." सासरे पाणी येण्याआधीच गेले होते. त्यांना जिथं अग्नी दिला तो घाटही आता खाली होता. आजोबा वल्हं मारत राहत, मी पाण्याकडे बघत राही. नवी सून होते मी, शिकलेली. माझ्या अंगावर भर उन्हात काटा यायचा आणि मी तो कुणाला दिसू देत नसे.

दर वैशाखात नाव काठावर ओढून उपडी घालायची. आधी शेवाळ खरवडायचं. ते उन्हात वाळून पापडासारखं सुटतं. मग जुनं डांबर तासायचं, फटींत तेलात भिजवलेला कापूस ठासायचा आणि पुन्हा गरम डांबर चढवायचं. सगळीकडे, फक्त दारावर नाही. दाराला डांबर लावायचं नाही, खिळा मारायचा नाही, भोकात लाकडाची खुंटी ठोकायची नाही. दार रिठ्याच्या पाण्यानं धुवायचं, वाळवायचं, पॉलिशपेपरनं हलकं घासायचं. मग कोमट जवसाचं तेल पाजायचं. लाकूड ते खरोखर पितं. हात लावून ठेवला तर कळतं. दुसऱ्या दिवशी मेण आणि राळ एकत्र वितळवून फडक्यानं चोळायचं आणि शेवटी नदीतल्या गोट्यानं घोटायचं, चकाकी येईपर्यंत. कडीच्या दोन भोकांत मेणाचे बोळे बसवायचे, बोटानं दाबून. गावी असताना पाडव्याच्या आधी सासूबाई घराच्या दाराला हेच करत. दार नावेत गेलं तरी त्यांनी पद्धत बदलली नाही. त्या म्हणत, "खिळे ठोकून दार मिटत्यात ते वंश बुडालेल्या घराचं. आपली माणसं हायेत की अजून."

यात चूक आहे हे सगळ्यांना माहीत होतं. मेण मऊ असतं. पाण्यात चार दिवस राहिलं की कडेनं सुटतं आणि भोकांतून पाणी झिरपू लागतं. काठावरचे लोक चेष्टा करायचे. "देशमुखांची नाव बगा, पाण्यात जाती का पाणी घिऊन येती!" आजोबा त्यांना हात करायचे आणि तुपाच्या जुन्या डब्यानं पाणी उपसायचे. आमच्या नावेत दोन वल्ही, एक डबा. डब्याशिवाय आम्ही कधी निघालो नाही.

आता त्या उन्हाळ्याचं सांगते. आजोबा साथीत गेले, त्याच्या पुढचा वैशाख. तुम्ही लहान होता आणि विमानं बंद होती. आजोबा दवाखान्यात गेले ते स्वतःच्या पायांनी, चपला घालून. दारात वळून मला म्हणाले, "कूलरमध्ये पाणी बघ." त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. कुणीच पाहिलं नाही. फोन आला, आणि सगळं दुसऱ्यांनीच उरकलं. त्यांची मोठी बहीण, तुमची आक्काआजी, तेव्हा नव्या गावठाणात राहत होती, त्या बुटक्या चौकटीच्या घरात. रस्ते बंद होते, तिला येता आलं नाही. ती मला फोनवर एकच गोष्ट विचारायची. "शालू, घरी आनलंच न्हाय का गं त्याला? दारापोतुर बी न्हाय?" मी सांगायचे, नाही आक्का, आणता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा विचारायची.

नाव त्या वर्षी कुणी पाहिली नव्हती. वैशाखात मी गेले तेव्हा ती बाभळीखाली उपडी पडलेली, डांबराला भेगा, कडेच्या फटींतून गवत उगवलेलं. दाराच्या फळीवर पांढुरका थर होता. आक्काचा मुलगा दत्ता म्हणाला, "मामी, यंदा हात लावला नाय तर सडल ही." तुमच्या बाबांनी परदेशातूनच चौकशी करून एक फायबरवाला शोधला. तुमच्या बाबांचं म्हणणं बरोबर होतं आणि मलाही ते पटलं होतं. वडिलांची एक वस्तू तरी नीट राहावी, असं त्याला वाटत होतं. तोही तेव्हा येऊ शकला नव्हता. त्यानेही वडिलांना शेवटचं पाहिलं नव्हतं.

सलीम मिस्त्री सिल्लोडचे. छोटा टेम्पो, त्यात काचेच्या धाग्याची गुंडाळी, रसायनाचे डबे, घासायचं मशीन. माणूस बोलका. उतरल्या उतरल्या नावेभोवती एक फेरी मारून म्हणाले, "आक्का, असा कोट मारतो ना, तुमच्या नातवाच्या नातवाला पण थेंब दिसणार नाही आत."

"नातवाच्या नातवाचं ऱ्हाऊ दे," आक्का म्हणाली. "आधी तुझी गाडी तिकडं घे. माज्या शेळ्या बसत्यात तिथं सावलीला."

"हौ, हौ. शेळ्यांना पण कोट मारू का?"

"मार की. लई गळत्यात त्या."

आक्का हसली तेव्हा मला बरं वाटलं. वर्षभरात तिचं हसणं मी ऐकलं नव्हतं. दत्तानं नाव कुशीवर कलती केली होती आणि ती तळाजवळ पोतं टाकून बसली होती, पाठ दाराच्या फळीला टेकून, जशी एखादी बाई आपल्या घराच्या दाराला टेकून बसते. फायबरला तिनं हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. मी समजावलं होतं, लाकूड वाचेल, दार आत सुरक्षित राहील. ती म्हणाली होती, "तू शिकल्याली हायस."

मिस्त्रींनी तिला जरा सरकायला सांगितलं आणि बोटाच्या पेरांनी फळीवर वाजवलं. ठक ठक. भर दुपारी, सुक्या जमिनीवर तो आवाज ऐकून मी हातातलं पाण्याचं भांडं खाली ठेवलं. "ये देखो बाई," मिस्त्री खूश होऊन म्हणाले, "ही फळी ढोलावानी वाजते. पाण्यात तर लई वाजत असेल. कोट बसला की खतम. एकदम चूप. बाहेर तुफान आलं तरी आत आवाज नाय."

आक्कानं त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"अन् बापू आला तं?" ती म्हणाली. "वाजवील कुठं?"

बापू म्हणजे तुमचे आजोबा. मिस्त्रींना हे कुठून माहीत असणार! त्यांनी आपल्या चांगुलपणानं विचारलं, "कोण बापू?"

"भाऊ माजा."

"मग येऊ द्या ना त्यांना. त्यांना पण विचारू. कधी येणार हायेत? मी थांबतो तोवर."

एक शेळी ओरडली. दत्तानं मिस्त्रींना खांद्याला धरून बाजूला नेलं आणि काहीतरी सांगितलं. ते परत आले तेव्हा त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. "माफ करना आक्का," म्हणाले. मी विचारलं, बाकी नावेला फायबर करून ही एक फळी तशीच ठेवता येईल का? त्यांनी मान हलवली. "नाय जमणार बाई. अर्धवट केलं तर कडेनं पाणी घुसेल, सगळं सुटेल. पूरा करना, नाय तर नक्को करना."

मग मी नक्को म्हटलं. ते मी आक्कासाठी म्हटलं असं तुमच्या बाबांना वाटतं. मीही त्याचं ते मत खोडून काढलेलं नाही. तुम्हाला सांगते, त्या दुपारी मिस्त्री "एकदम चूप" म्हणाले तेव्हा मला आमच्या फ्लॅटचं दार आठवलं. आजोबा किल्ली न्यायला नेहमी विसरत. बेल असूनही कडी वाजवत, दोनदा, आणि थांबून एकदा. त्या वर्षभरात माझ्या दारावर बेल पुष्कळदा वाजली. कडी वाजली नव्हती.

मिस्त्री चहा पिऊन, पिशवीभर कैऱ्या घेऊन गेले. आम्ही जुन्या पद्धतीनं कामाला लागलो. दत्ता डांबराचं बघत होता. दार मी आणि आक्कानं घेतलं. तिला डोळ्यांनी कमी दिसायचं, पण हाताला सगळं समजायचं. पांढुरका थर निघाला, खालून तांबूस लाकूड आलं. पितळी फुलांच्या जागा बोटांना लागायच्या, गोल गोल खळगे. "ही वरची रांग," ती म्हणायची, "हितपोतुर माजा हात पुरायचा न्हाय. बापूला मी खांद्यावर घ्यायचे, तवा त्यो फुलं मोजायचा." तेल पाजताना ती पुटपुटत होती. मला वाटलं, देवाचं काही असेल. कान दिला तर ती म्हणत होती, "पी बाबा, पी." गोट्यानं घोटायचं काम ती मला देईना. मी म्हटलं, आक्का, तुमचे हात दुखतील. "दुखू दे," म्हणाली. "दुसरं काय केलं मी त्याच्यासाठी?"

नाव पाण्यात सोडली ती सकाळी, ऊन चढायच्या आत. दत्ता वल्ह्यांवर, मी आणि आक्का समोरासमोर, मध्ये तुपाचा डबा. गाव होतं तिथवर दत्तानं नाव नेली. ती जागा तो काठावरच्या दोन झाडांच्या अंदाजानं ओळखतो. तिथं त्यानं वल्ही वर घेतली.

वारा नव्हता. पाणी इतकं स्थिर होतं, की नावेची सावली खाली रुतून बसल्यासारखी दिसत होती. आक्कानं डोक्यावरून पदर घेतला आणि कान देऊन बसली. मीही ऐकत होते. खाली गाव होतं, गल्ली होती, जोतं होतं, आणि एक दाराची जागा होती जिथं दार नव्हतं. ते दार आमच्या पायांखाली होतं. लांब एक पाणकावळा बुडला आणि वर आला. फळी वाजली नाही. किती वेळ गेला सांगता येणार नाही. दत्ता माझ्याकडे बघत होता, मी आक्काकडे. तिचा चेहरा हळूहळू खाली गेला. मला वाटलं, आता ही रडेल. मला मनातून स्वतः तळव्यानं फळी वाजवावीशी वाटली, एवढं मात्र खरं.

मग माझ्या पायांना गार लागलं.

कडीच्या भोकातलं मेण सुटलं होतं. एका भोकातून पाण्याचा बारीक झरा आत येत होता, आवाज न करता. तो फळीवरून पसरला, माझ्या पावलांपर्यंत आला, मग आक्काच्या. तिनं पाय मागे घेतले नाहीत. वाकून बोटं त्या पाण्यात बुडवली आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी अजून विसरलेले नाही.

"वाजवील कशाला?" ती म्हणाली. "घरचाच हाय. आला की आत."

दत्तानं डबा उचलला. "मामी, उपसू का?"

"थांब जरा," आक्का म्हणाली. "आत्ताच आलाय."

दत्ता थांबला. मीही थांबले. पाणी घोट्यांपर्यंत चढलं. मला पोहता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे, आणि मी सगळ्या गोष्टी वेळच्या वेळी करणारी बाई आहे. पण त्या सकाळी आम्ही तिघं तसेच बसून राहिलो, पाहुणा आल्यावर बसतात तसे. मग आक्कानंच दत्ताच्या हातातून डबा घेतला आणि एकेक डबा भरून, हात नावेबाहेर लांब नेऊन, पाणी अगदी हळू धरणात सोडत राहिली. त्यानंतर तिनं मला कधीही विचारलं नाही, की त्याला घरी आणलं होतं का.

आक्का मागच्या पावसाळ्यात गेली. घरीच गेली, त्याच बुटक्या चौकटीच्या घरात, दत्ताच्या हातून पाणी पिऊन. यंदा मेण घोटायला मी एकटीच होते. गोटा तिच्या उशाशी ठेवलेला असायचा, दत्तानं तो मला आणून दिला. हाताला जड लागतो. मी फळीवर ओणवी झाले तेव्हा उन्हात मेण तापलं होतं आणि चकाकीत कुणाची तरी आकृती हलत होती. ती माझीच होती, हे मला माहीत होतं. तरी मी पदर सारखा केला.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. तुम्हीही ठेवू नका. फळी का वाजते ते तुमच्या आजोबांनी सांगितलेलं कारण बरोबर आहे आणि पाणी का येतं ते दुकानदारालाही कळतं. फक्त तुमच्या बाबांना सांगा, फायबर नको. आणि पुढच्या खेपेला याल तेव्हा बूट काठावर काढून ठेवा.

नाव आहे. तळाला दार आहे, बाहेरची बाजू बाहेर. कडीची दोन भोकं मी परवा मेणानं भरली आहेत. मेण सुटेल, पाणी आत येईल. उपसायला डबा आहे.